रोलाँ गारोसची दोन मिलिमीटर सुरखी

'सुरखी' हा शब्द आता फारसा कानावर पडत नाही. भाजलेली वीट कुटून केलेली भुकटी म्हणजे सुरखी. सिमेंट येण्याआधीच्या काळात ती चुन्यात कालवून भिंती उभ्या राहत. पॅरिसच्या रोलाँ गारोस संकुलात मे महिन्याच्या अखेरीस फ्रेंच ओपन सुरू झाली, की आपण टीव्हीवर जी 'लाल माती' बघतो, ती म्हणजे ही सुरखीच. माती नव्हेच ती. कुटलेली वीट. आणि तिचा थर किती जाड? एक ते दोन मिलिमीटर. बुटाच्या टोकाने जरा उकरलं, की खालचा पांढरा दगड दिसायला लागेल.

टेनिस न खेळणाऱ्यांनाही या स्पर्धेबद्दल काही प्रश्न हमखास पडतात. विम्बल्डन सात वेळा जिंकलेला पीट सॅम्प्रस इथे एकदाही फायनलला का पोचला नाही? राफाएल नदालला हीच स्पर्धा 14 वेळा कशी जिंकता आली? सामने पाच-पाच तास का चालतात? आणि जगभर कॅमेरे 'आउट' देत असताना इथले पंच अजून खुर्चीवरून खाली उतरून जमिनीकडे का बघतात? या सगळ्यांचं उत्तर बहुतांशी त्या दोन मिलिमीटरमध्ये आहे, असं माझं मत. खेळाडूंची जिद्द, मानसिक ताकद वगैरे गोष्टी मी नाकारत नाही, पण त्या तर सगळ्याच स्पर्धांत लागतात.

आधी जमीन बघू. वरच्या भुकटीखाली सहा-सात सेंटिमीटर जाडीचा, बारीक कुटून दाबलेल्या पांढऱ्या चुनखडीचा थर असतो. खरं कोर्ट म्हणजे हा थर. त्याच्याखाली कोळसा जळून उरते ती सच्छिद्र खर, मग खडी, आणि तळाशी पाणी वाहून जावं म्हणून मोठे दगड. सगळं मिळून पाऊण मीटरच्या आसपास. विटेची भुकटी नुसतीच पसरली असती तर पहिल्या वाऱ्याला उडून गेली असती. चुनखडी आणि खर पाणी धरून ठेवतात, ते हळूहळू वर चढतं आणि भुकटीला बसवून ठेवतं. म्हणून या कोर्टाची निगा म्हणजे मुख्यतः पाण्याचा हिशेब. रात्री भरपूर पाणी द्यायचं, दिवसा अंगणात सडा घालावा तसं हलकं शिंपायचं. पाणी कमी पडलं तर धूळ उडते, चेंडू झपझप येतो आणि पाय नको तिथे सटकतो. जास्त झालं तर कोर्ट जड होतं आणि चेंडू भिजल्या बोळ्यासारखा येतो. सेट संपला की कर्मचारी मागे जाळं ओढत कोर्टभर फिरतात, रेषा झाडून काढतात. टीव्हीवाले नेमकी तेव्हा जाहिरात लावतात, नाहीतर बघण्यासारखी गोष्ट आहे.

फ्रेंच लोक या पृष्ठभागाला 'तेर बात्यू' म्हणतात, म्हणजे चोपलेली माती. गावाकडच्या घरातली जमीन धुम्मसाने चोपून घट्ट केलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे नाव वेगळं समजावून सांगायला नको. नावात माती आली, पण वस्तू वीटच राहिली. याची जी गोष्ट सांगतात ती अशी: 1880 च्या सुमाराला विम्बल्डन गाजवणारे रेनशॉ बंधू, विल्यम आणि अर्नेस्ट, दक्षिण फ्रान्समधल्या कान शहरात टेनिस शिकवायचे. तिथल्या उन्हात इंग्लंडसारखं गवत टिकेना. मग जवळच्या वालोरिस या कुंभारकामाच्या गावातून फुटक्या भाजलेल्या भांड्यांची पूड आणून त्यांनी कोर्टावर अंथरली. गवत जळण्यावर काढलेला हा तोडगा पुढे युरोपभर पसरला.

आता चेंडू. जमिनीवर येताना चेंडूला दोन वेग असतात, एक पुढे जाण्याचा आणि एक खाली येण्याचा. टप्पा पडला की खाली येण्याच्या वेगातला बराचसा भाग जमीन वर उसळवून परत देते. पुढे जाण्याच्या वेगावर मात्र घर्षण हात मारतं. गवत गुळगुळीत असतं, तिथे चेंडू घसरत पुढे निघतो आणि खालीच राहतो. विटेच्या भुकटीवर तो रुततो. चेंडूचा जमिनीशी संबंध जेमतेम पाच हजारांश सेकंदाचा, पण तेवढ्यात खरखरीत कण त्याला पकडतात, त्याच्यापुढे भुकटीचा इवलासा बांध तयार होतो आणि पुढे जाण्याचा वेग बराच खाल्ला जातो. वर उसळी मात्र चांगली मिळते. थोडक्यात, क्लेवरचा (टेनिसच्या भाषेत या भुकटीच्या कोर्टाला 'क्ले' म्हणतात) चेंडू टप्पा पडल्यावर हळू येतो आणि उंच येतो. 'क्ले स्लो असतं' एवढंच ऐकून लोक थांबतात, पण उंचीचा भागही तितकाच महत्त्वाचा आहे. नदालकडे वळू तेव्हा तोच कामी येणार आहे.

मग एक कोडं पडतं. चेंडूला ही जमीन घट्ट पकडते, तर खेळाडू त्याच जमिनीवर घसरत कसे जातात? मला स्वतःला हे बरेच दिवस कळत नव्हतं. उत्तर कणांच्या वागण्यात आहे. सत्तर-ऐंशी किलोच्या माणसाचा बूट तिरपा रेटला, की सुट्या भुकटीचे कण खालच्या कडक चुनखडीवर छऱ्यांसारखे गडगडतात आणि बूट त्यांच्यावर स्वार होऊन सरकतो. चेंडू हलका, मऊ, क्षणभराचा पाहुणा. तो कणांवर स्वार होत नाही, त्यांच्यात रुततो. म्हणून इथे पळण्याची कला वेगळी आहे. चेंडूपर्यंत पळत जाऊन थांबायचं आणि मारायचं असं नाही. चार पावलं आधीच घसरायला लागायचं, घसरत असतानाच मारायचं, आणि घसरणं संपतं त्या जागेवरून परत फिरायचं. ज्याला हे लहानपणापासून येत नाही तो मारून झाल्यावर घसरतो, आणि मग परत यायला त्याला एक पाऊल उशीर होतो. मॅटवर तयार झालेला पैलवान लाल मातीच्या आखाड्यात उतरला की डाव तेच असूनही पाय वेगळं बोलतात, तसंच हे. बुटांचे तळवेही यासाठी नागमोडी खाचांचे असतात. त्या खाचांत भुकटी बसते, म्हणून सर्व्हिसआधी खेळाडू रॅकेटने बूट ठोकताना दिसतात. सवय किंवा शकुन नाही तो, साफसफाई आहे.

या दोन गोष्टी एकत्र केल्या की सॅम्प्रसचं कोडं सुटतं. त्याची सर्व्हिस हे टेनिसमधल्या सगळ्यात भेदक हत्यारांपैकी एक. सर्व्हिस करायची, नेटवर धावायचं, आलेला चेंडू हवेतच संपवायचा. गवतावर प्रतिस्पर्ध्याला रॅकेट लावायलाही वेळ मिळत नसे. पॅरिसला तीच सर्व्हिस टप्पा पडल्यावर जरा दमून यायची, समोरचा ती परतवायचा, आणि नेटकडे निघालेल्या सॅम्प्रसच्या बाजूने चेंडू निघून जायचा. तो इथे 13 वेळा खेळला. 1996 मध्ये उपांत्य फेरीत पोचला, तीच त्याची मजल. बेकर, एडबर्ग, कॉनर्स, मॅकेन्रो यांच्यापैकीही कुणाला ही स्पर्धा जिंकता आली नाही. मॅकेन्रो 1984 च्या फायनलला इव्हान लेंडलविरुद्ध दोन सेटनी पुढे होता. त्या अख्ख्या वर्षात तो फक्त तीन सामने हरला, आणि त्यातला एक हा.

इथे गुण विकत घेता येत नाही, कमवावा लागतो. जो चेंडू दुसरीकडे विजयी फटका ठरला असता तो परत येतो. तो पुन्हा मारावा लागतो, पुन्हा येतो. म्हणून रॅली लांबतात, सेट लांबतात, आणि टेनिसचा सामना हळूहळू मॅरेथॉन होतो. 8 जून 2025 ची फायनल आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला सुरू झाली आणि संपली तेव्हा तारीख बदलली होती. कार्लोस अल्काराझने यानिक सिनरला 5 तास 29 मिनिटांत हरवलं. या स्पर्धेतली ती सर्वांत लांबलेली फायनल. पहिले दोन सेट गेलेले, चौथ्या सेटमध्ये समोर तीन मॅच पॉइंट, म्हणजे आणखी एक गुण गेला की सामना गेला अशी वेळ तीनदा, तिथून तो परत आला. गवतावर असं घडत नाही असं नाही, पण दोन सेट मागे असलेल्या खेळाडूला विचार करायला, डाव बदलायला जी सवड लागते ती क्ले देतं. प्रत्येक फटक्यात थोडी थोडी.

ती सवड कशी वापरायची याचा माझा आवडता नमुना मात्र जुना आहे. 1989, चौथी फेरी. 17 वर्षांचा मायकेल चँग जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या लेंडलशी खेळतोय. दोन सेट मागे पडून त्याने बरोबरी साधली, पण पाचव्या सेटमध्ये पायात गोळे आले. उभं राहवेना. तेव्हा त्याने उंच उंच चेंडू मारून वेळ काढला, गुणांच्या मधे केळी खाल्ली, पाणी प्यायला, आणि एका सर्व्हिसला चक्क गल्लीत खेळणाऱ्या पोरासारखी खालून सर्व्हिस केली. लेंडल गोंधळला, गुण गेला, पुढे सामनाही गेला. चँगने ती स्पर्धा जिंकली, फायनलमध्ये एडबर्गला हरवून. पुरुषांच्या ग्रँड स्लॅममध्ये, म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांमध्ये, त्याच्याहून लहान वयाचा विजेता आजवर झालेला नाही.

आता नदाल. मराठी वर्तमानपत्रांनी त्याला 'लाल मातीचा बादशहा' करून टाकलं, आणि या बाबतीत अतिशयोक्तीलाही जागा उरलेली नाही. 2005 ते 2022 या काळात 14 विजेतेपदं. एकूण 116 सामने, त्यांपैकी 112 जिंकले. हरला तो फक्त तिघांकडून: 2009 मध्ये रॉबिन सॉडरलिंग, 2015 आणि 2021 मध्ये नोव्हाक जोकोविच, 2024 मध्ये अलेक्झांडर झ्वेरेव्ह. याचं यांत्रिक स्पष्टीकरण टॉपस्पिनमध्ये आहे. चेंडूला रॅकेट खालून वर घासत नेली की तो पुढच्या दिशेने गरगर फिरायला लागतो. असा चेंडू हवेत लवकर खाली वळतो, म्हणून कितीही जोरात मारला तरी कोर्टात पडतो, आणि टप्पा पडताना त्याची फिरकी जमिनीला ढकलून वर उसळते. नदालचा फोरहँड सरासरी मिनिटाला 3000 पेक्षा जास्त वेळा फिरत असे. जिथे टप्पा मुळातच उंच, तिथे ही फिरकी म्हणजे सोन्याला सुगंध.

त्यात तो डावखुरा. त्याचा फोरहँड तिरका गेला की तो उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या बॅकहँडवर जातो, आणि क्लेवर तो तिथे खांद्याच्या वर उसळतो. रॉजर फेडररचा बॅकहँड एका हाताचा. कमरेच्या उंचीला त्याच्याइतकं देखणं काही नाही. खांद्याच्या वर मात्र एका हाताला जोर लावायला जागाच मिळत नाही. पॅरिसला हे दोघं सहा वेळा भेटले, सहाही वेळा नदाल जिंकला. फेडररने इथलं एकमेव विजेतेपद 2009 ला मिळवलं, ज्या वर्षी सॉडरलिंगने नदालला आधीच घरी पाठवलं होतं. फेडररला कमी लेखण्याचा हेतू नाही. उलट, चार फायनल एकाच माणसाकडून हरूनही पुन्हा पुन्हा त्या कोर्टावर उतरणं हीच मला त्याची मोठी कमाई वाटते.

गारव्याचं काय होतं हेही एकदा दिसलं. 2020 ला कोविडमुळे स्पर्धा सप्टेंबर-ऑक्टोबरात गेली. थंडीत चेंडू कमी उसळतो, ओल्या भुकटीवर जड होतो. नदालची फिरकी आता निम्मी होणार असं जाणकार म्हणत होते. तर्क बरोबर होता. पण नदालने एकही सेट न गमावता ती स्पर्धा जिंकली आणि फायनलच्या पहिल्या सेटमध्ये जोकोविचला 6-0 असं हरवलं. कोर्ट बरंच काही ठरवतं, पण सगळंच नाही, एवढी कबुली मला इथे द्यावी लागते. महिलांमध्ये असंच वर्चस्व ख्रिस एव्हर्टचं होतं. इथे सात विजेतेपदं, आणि 1973 ते 1979 या काळात क्लेवर सलग 125 सामन्यांत विजय.

रंग आणि थर बदलले तर काय होतं, याचाही प्रयोग झालेला आहे. 2012 ला माद्रिदच्या स्पर्धेत चेंडू टीव्हीवर नीट दिसावा म्हणून निळं क्ले घातलं. खेळाडूंचे पाय इतके निसटायला लागले की नदाल आणि जोकोविच दोघांनी पुन्हा असलं कोर्ट असेल तर येणार नाही असं जाहीर केलं. पुढच्या वर्षी माद्रिद मुकाट्याने लाल झालं. अमेरिकेत दगड कुटून केलेलं हिरवट करडं क्ले असतं, ते जरा जलद. 1975 ते 1977 अशी तीन वर्षं यूएस ओपनही त्याच्यावर खेळली गेली, हे आता फारसं कुणाच्या लक्षात नाही.

इतिहास थोडक्यात, कारण तारखांची जंत्री वाचायला तुम्ही इथे आलेला नाहीत. फ्रान्सची राष्ट्रीय स्पर्धा 1891 ला सुरू झाली, पण 1925 पर्यंत ती फक्त फ्रेंच क्लबांच्या सभासदांसाठी होती. गंमत म्हणजे पहिला विजेता पॅरिसमध्ये राहणारा इंग्रजच निघाला. परदेशी खेळाडूंसाठी तेव्हा पॅरिसजवळ सँ-क्लू इथे वेगळी स्पर्धा भरायची, 1912 पासून. तिचं नाव 'वर्ल्ड हार्ड कोर्ट चॅम्पियनशिप्स', आणि ती खेळायचे क्लेवर! तेव्हाच्या इंग्रजीत गवत नसलेलं सगळंच 'हार्ड'. 1914 ला तिथे 15 वर्षांची सुझान लाँगलाँ जिंकली आणि टेनिसला पहिली जागतिक तारका मिळाली. आज रोलाँ गारोसचं दुसऱ्या क्रमांकाचं स्टेडियम तिच्या नावाने आहे.

मुख्य संकुल मात्र वेगळ्याच घाईतून उभं राहिलं. 1927 ला बोरोत्रा, ब्रुन्यों, कोशे आणि लाकोस्त या चार फ्रेंच खेळाडूंनी अमेरिकेत जाऊन डेव्हिस कप, ही देशादेशांमधली सांघिक स्पर्धा, जिंकली. नियम असा, की पुढच्या वर्षीची लढत विजेत्याच्या घरी. पॅरिसकडे त्या तोडीचं घर नव्हतं. मग 1928 ला ते बांधलं, आणि फ्रान्सने अमेरिकेला तिथे 4-1 असं हरवलं. यातला लाकोस्त म्हणजे शर्टावरची मगर, तोच. संकुलाला नाव दिलं रोलाँ गारोस या वैमानिकाचं. 23 सप्टेंबर 1913 रोजी तो भूमध्य समुद्र विमानाने न थांबता पार करणारा पहिला माणूस ठरला, आणि 5 ऑक्टोबर 1918 ला, तिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, युद्धात पडला. त्याचा आणि टेनिसचा संबंध नावापुरता. जमीन देणाऱ्या क्लबचा प्रमुख त्याचा जुना मित्र होता, त्याने हट्ट धरला.

आपल्या लोकांचं इथलं यश बहुतेक दुहेरीतलं. 1997 ला महेश भूपतीने जपानच्या रिका हिराकीबरोबर इथे मिश्र दुहेरी जिंकली, आणि ग्रँड स्लॅम जिंकणारा तो पहिला भारतीय ठरला. 1999 ला लिअँडर पेस आणि तो मिळून जिंकले. 2017 ला रोहन बोपण्णा. दुहेरीत नेटवर दोघं उभे असल्यामुळे बरेच चेंडू टप्पा पडण्याआधीच निकालात निघतात, म्हणजे क्लेला त्यात हात घालायला वाव कमी. भारतीय टेनिस बराच काळ गवतावर वाढलं, हेही त्यामागचं एक कारण असावं, असा माझा अंदाज.

राहिला पंचांचा प्रश्न. विम्बल्डनने 2025 पासून रेषापंच काढून टाकले. रोलाँ गारोसने त्याच वर्षी ते ठेवले. कारण साधं आहे: इथे चेंडू सही करून जातो. भुकटीत पडलेला त्याचा लांबट ठसा सगळ्यांना दिसतो. खेळाडूने दाद मागितली की पंच खाली उतरतात, ठशाशी वाकतात, बोटाने रेघ दाखवतात. यात चुका होत नाहीत असं नाही. कधी भलताच जुना ठसा दाखवला जातो, कधी वाऱ्याने कडा पुसलेली असते. यंत्र लावलं तरी भांडण मिटतं असंही नाही. माद्रिदला 2025 ला यंत्राने चेंडू आत दिला तेव्हा झ्वेरेव्हने फोन काढून ठशाचा फोटो घेतला, आणि त्याबद्दल ताकीदही खाल्ली.

1982 ची उपांत्य फेरी. 17 वर्षांचा स्वीडिश मॅट्स विलँडर, पहिल्यांदाच ही स्पर्धा खेळणारा, बिगरमानांकित. समोर अर्जेंटिनाचा होजे लुईस क्लेर्क. विलँडरकडे मॅच पॉइंट. क्लेर्कचा फोरहँड रेषेपाशी पडला, रेषापंचाने 'आउट' दिला, पंचांनी सामना विलँडरला दिला. विलँडर खुर्चीपाशी गेला आणि म्हणाला, की चेंडू आत होता, मला असं जिंकायचं नाही. गुण पुन्हा खेळवला. क्लेर्कने चेंडू नेटमध्ये मारला. मग विलँडर फायनलमध्ये गिलेर्मो व्हिलासलाही हरवून आला.